सापाच्या पेटीतली ऊब आणि ओल

माझ्या बॉल पायथनने, म्हणजे आफ्रिकेतल्या एका लहान जातीच्या अजगराने, माझ्याकडे आल्यावर पहिल्यांदा कात टाकली ती तुकड्यातुकड्यांनी. निरोगी सापाची कात नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत, पायातला मोजा उलटा करून काढावा तशी, सलग निघते. इथे पेटीच्या कोपऱ्यांत कागदासारखे चुरचुरीत तुकडे पडले होते, शेपटीच्या टोकाभोवती कातेचे एक वळे घट्ट आवळून बसले होते आणि डाव्या डोळ्यावरचे पारदर्शक कवच निघालेच नव्हते, त्यामुळे तो डोळा उजव्या डोळ्याच्या मानाने निस्तेज आणि किंचित सुरकुतलेला दिसत होता. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि प्रत्येक कातेबरोबर त्याचा वरचा थर गळून पडावा लागतो. तो अडकला याचा अर्थ पेटीतली हवा कोरडी होती, आणि तरीही पेटीच्या भिंतीवर चिकटवलेला काट्याचा आर्द्रतामापक त्या सकाळी ७० टक्के दाखवत होता.

डोळ्यावरचे कवच चिमट्याने ओढण्याचा मोह होतो, पण ते कधीही करू नये, कारण कवचाबरोबर खालचा नाजूक थरही फाटू शकतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. शेपटीचे वळे मात्र तसेच राहू देणेही धोक्याचे असते, कारण ते वाळले की आणखी आवळते, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि शेपटीचे टोक गळून पडते. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांच्या सांगण्यावरून मी सापाला कोमट, ओल्या कापडाच्या घडीतून हळूहळू सरकू दिले आणि ते वळे कापडाला घासून आपोआप सुटले. डोळ्याचे कवच पुढच्या कातेबरोबर गेले. पण त्या दोन कातींच्या मधल्या काळात मी पेटीची मांडणी मुळापासून बदलली, आणि त्या कामात जे कळले ते इथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मी मापकाच्या तपासणीपासून केली. एका बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यावर पाण्याचे काही थेंबच टाकावेत, म्हणजे मीठ विरघळणार नाही, नुसते ओल्या वाळूसारखे होईल. ते झाकण आणि आर्द्रतामापक एका हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून डबा घरातल्या तापमानाला रात्रभर बंद ठेवावा. संपृक्त मिठाच्या संगतीत बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, त्यामुळे मापक किती चुकतो ते सकाळी लगेच समजते. माझा मापक सकाळी ८८ दाखवत होता. म्हणजे तो जेव्हा ७० सांगत होता, तेव्हा प्रत्यक्षात ५७ च्या जवळपास आर्द्रता होती, आणि तीही पेटीच्या थंड बाजूला, जमिनीपासून वीतभर वर. साप मात्र उबदार बाजूच्या लपणात वेटोळे घालून बसलेला असे. तिथे डिजिटल मापकाची वायर सोडली तेव्हा आकडा निघाला ४१.

एकाच पेटीत, एकाच हवेत हा फरक पडतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट जमत नाही. आपण मोजतो ती सापेक्ष आर्द्रता असते, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात तिच्यात किती आहे त्याचे प्रमाण. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता झपाट्याने वाढते. २४ अंश सेल्सिअसला ८० टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यात पाण्याचा एक थेंबही कमीजास्त न करता, ३२ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता साधारण ५० टक्क्यांवर येते. म्हणून दिवा लावला की पेटी कोरडी पडते आणि रात्री तो बंद झाला की काचेवर दव धरते. ऊब आणि ओल यांची व्यवस्था वेगवेगळी करताच येत नाही, आणि मी नेमके तेच करत होतो: तापमान एका दिवशी लावले, आर्द्रता दुसऱ्या दिवशी, आणि दुसरे करताना पहिले बिघडवले.

आधी उबेविषयी. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करत नाही. तो उबेकडे आणि गारव्याकडे सरकून आपले तापमान राखतो. म्हणून पेटीला एकच तापमान देणे ही चूक आहे. एक टोक उबदार, दुसरे थंड आणि मध्ये हळूहळू उतरत जाणारा पट्टा, असा उतार हवा. बॉल पायथनसाठी उबदार जागेचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश आणि थंड टोक २४ ते २७ अंश ठेवावे, आणि रात्रीही हवा २४ च्या फारशी खाली जाऊ देऊ नये. कॉर्न स्नेकला याहून थोडी कमी ऊब पुरते आणि त्याचे थंड टोक २२ ते २४ अंशांवर असले तरी चालते. हा उतार पडायला पेटी पुरेशी लांब असावी लागते. लहान पेटीत दिवा लावला की सगळीच पेटी तापते आणि सापाला पळायला जागा उरत नाही.

दोन्ही टोकांना सापाच्या अंगाला सगळीकडून टेकेल अशी घट्ट लपणे हवीत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. लपण एकाच टोकाला असेल तर साप उबेऐवजी सुरक्षितता निवडतो. गारठला तरी लपणातून बाहेर येत नाही, खाल्लेले पचत नाही, मग तो भक्ष्य ओकून टाकतो, आणि आपण मात्र तापमापकाचा आकडा पाहून निश्चिंत राहतो.

ऊब देण्याची साधने अनेक आहेत. हीट मॅट पेटीच्या तळाखालून पृष्ठभाग गरम करते, पण हवा जवळजवळ तापवत नाही, आणि पेटीच्या तळावर भुशाचा जाड थर घातला तर तिची ऊब वरपर्यंत पोहोचतही नाही. हॅलोजन दिवा उन्हासारखी वरून ऊब देतो आणि ती अंगात खोलवर जाते. तो दिवसा लावावा. सिरॅमिक हीटर प्रकाश न देता हवा तापवतो म्हणून रात्री उपयोगी पडतो, पण हवा सुकवतोही तोच सर्वांत जास्त. रात्रीसाठी लाल किंवा निळे दिवे लावू नयेत. सापाला बारा तास उजेड आणि बारा तास खराखुरा अंधार हवा असतो. तापणारे कृत्रिम दगड तर पेटीत आणूच नयेत. पोटाखालची जागा धोकादायक इतकी तापली तरी साप वेळेत उठून जातोच असे नाही, आणि पोटाचे खवले भाजलेले साप पशुवैद्यांकडे याच कारणाने येतात. पेटीच्या आत असलेल्या प्रत्येक दिव्याला जाळी हवी, कारण साप दिव्याला विळखा घालतो.

यातले कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणाऱ्या यंत्राशिवाय, वापरू नये. मॅटवर तापमान आखून दिलेले नसते. तिला मोकळे सोडले तर ती ४० अंशांच्याही वर जाऊ शकते. मॅटसाठी थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये बसवावा, म्हणजे सापाने तो हलवण्याचा किंवा त्यावर पाणी सांडण्याचा प्रश्न येत नाही. सेन्सर पेटीच्या आत मोकळा ठेवला आणि तो पाण्याच्या भांड्यात पडला, तर थर्मोस्टॅटला वाटते पेटी थंड आहे आणि तो मॅट तापवतच राहतो. दिव्यासाठी सेन्सर साप जिथे बसतो त्या उंचीवर हवा, आणि थर्मोस्टॅट दिवा मंद करू शकणारा हवा, कारण चालू-बंद करणाऱ्या साध्या थर्मोस्टॅटवर दिवा सतत लुकलुकतो आणि लवकर जातो. वायर आत चिकटवायला चिकटपट्टी वापरू नये. सापाच्या अंगाला ती चिकटली की सोडवताना खवल्यांसकट कातडी निघते. मी वायर बाहेरून आणून जाळीला प्लास्टिकच्या पट्टीने बांधली आहे. थर्मोस्टॅटवर दिसणाऱ्या आकड्यावरही विसंबू नये. उबदार लपणात आणि थंड लपणात एकेक वेगळा डिजिटल मापक असावा, आणि पृष्ठभाग तपासायला इन्फ्रारेड तापमापक असावा.

आता ओलीकडे येतो. पहिले काही महिने मी दिवसातून दोनदा फवारणी करत असे. फवारल्यावर आकडा ८५ वर जाई, दोन तासांत ५० च्या खाली येई, आणि थराचा वरचा पापुद्रा मात्र ओलाच राही. म्हणजे सापाला हवे ते बाष्प मिळत नव्हते आणि नको ती ओल पोटाला लागत होती. दमट हवा आणि ओली जमीन या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. ओल्या जमिनीवर दिवसेंदिवस बसलेल्या सापाच्या पोटाचे खवले तपकिरी पडतात, फुगतात, त्याखाली पाणी धरते. ही खवले कुजण्याची सुरुवात असते.

उपाय जमिनीत आहे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ, बऱ्याचदा कोरड्या भागात राहतो, पण दिवस काढतो तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत, जिथली हवा बाहेरच्या हवेपेक्षा दमट असते. मी पेटीत तेच उभे करायचे ठरवले. नारळाचा भुसा आणि सालीचे जाड तुकडे एकत्र करून आठ ते दहा सेंटिमीटरचा थर दिला, आणि पाणी वरून न शिंपडता चारही कोपऱ्यांत पेटीच्या भिंतीला लागून हळूहळू ओतले. ते खाली उतरून तळाचा थर भिजवते, वरचा थर कोरडा राहतो आणि बाष्प अनेक दिवस संथपणे वर येत राहते. किती पाणी पुरे याचा अंदाज हातालाच येतो: तळाचा मूठभर भुसा घट्ट दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. थर इतका जाड केल्यावर तळाची मॅट निरुपयोगी ठरते, म्हणून मी मॅट काढून ऊब पूर्णपणे वरून दिली. पाईन आणि देवदाराचा भुसा त्यातल्या उग्र तेलांमुळे टाळावा. अ‍ॅस्पेन या झाडाचा भुसा कोरड्या जागी राहणाऱ्या सापांसाठी उत्तम आहे, पण भिजला की त्याला बुरशी लागते.

पेटीचे झाकण जाळीचे असेल तर उबदार हवा तिच्यातून बाष्प घेऊन निघून जाते, कितीही पाणी घातले तरी. दिव्याची जागा सोडून मी बाकीची जाळी अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यांनी झाकली, पण एका कडेला फट ठेवली. हवा कोंडू देऊ नये. थंड, कोंदट आणि ओल्या पेटीतच सापाला श्वसनाचे विकार जडतात, आणि सर्द हवेत तापमान खाली जाणे हे सगळ्यांत वाईट. पाण्याचे रुंद भांडे थोडे उबदार बाजूकडे सरकवल्याने बाष्प वाढते. शिवाय कात टाकायच्या दिवसांसाठी झाकण असलेल्या डब्याला साप जाईल एवढे भोक पाडून, आत ओलसर स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारे शेवाळ, भरून मी एक दमट लपण केले आहे. सापाचे डोळे निळसर, दुधाळ झाले की ते मॉस नव्याने भिजवतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि कात त्यानंतर निघते.

आता उबदार लपणात ६० ते ६५ टक्के आणि थंड लपणात ७५ ते ८० टक्के आर्द्रता राहते, आणि मी पाणी आठवड्यातून एकदाच ओततो. हे आकडे माझ्या सापाचे आहेत. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के पुरतात, रेतीत राहणाऱ्या केनियन सँड बोआला एवढी ओल त्रासदायक ठरेल आणि ब्राझिलियन रेनबो बोआ मात्र याहून दमट आणि याहून थंड पेटीत सुखी असतो. आपला साप कोणत्या जातीचा आहे आणि ती जात दिवसाचा बराच वेळ कुठे काढते, हे आधी पाहावे.

मापकांच्या बरोबरीने सापाकडेही पाहावे. तो दिवसरात्र उबदार टोकालाच चिकटून असेल तर पेटी थंड आहे. तो थंड कोपऱ्यातून हलतच नसेल तर उबदार टोक फार तापले आहे. सतत पाण्यात बसत असेल तर उष्णता किंवा कोरडेपणा आहे, नाहीतर अंगावर माइट्स (रक्त शोषणारे बारीक परजीवी) झाले आहेत. हनुवटीच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेला हलणारे काळे ठिपके शोधावेत. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, तोंड उघडे ठेवून मान वर धरणे, यांपैकी काहीही दिसले तर पेटी दुरुस्त करत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

मांडणी बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान पूर्ण दिवस आणि रात्र आकडे टिपावेत, कारण पेटी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. नवी पेटी तर साप आणण्यापूर्वी आठवडाभर चालवून पाहावी. वीज गेली तर पेटीला तीन बाजूंनी जाड चादर गुंडाळावी आणि कोमट पाण्याची बाटली कापडात लपेटून उबदार टोकाला ठेवावी. अशा वेळी सापाला भरवू नये, आणि तापमान पुन्हा नीट होऊन दिवस दोन दिवस गेल्यावरच भक्ष्य द्यावे. वीज आल्यावर थर्मोस्टॅट आधीच्या आकड्यावरच सुरू झाला आहे का, ते स्वतः पाहिल्याशिवाय मी खोलीतून बाहेर पडत नाही.