'मॅजेस्टिक' म्हणजे नेमके काय?

गेल्या उन्हाळ्यात ताडोबाच्या जंगलात आमच्या जिप्सीपुढून एक वाघीण रस्ता ओलांडून गेली. तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मान किंचित खाली, चालताना खांद्यांची हाडे आळीपाळीने वर येत होती आणि रस्त्याच्या धुळीत तिच्या पंजांचे ठसे उमटत होते. शेजारी बसलेली भाची हळूच 'मॅजेस्टिक' म्हणाली आणि संध्याकाळी तिने विचारले, "मावशी, याला मराठीत काय म्हणायचं?" मी पटकन 'भव्य' म्हणाले, आणि म्हणताक्षणीच शब्द चुकल्याचे मला जाणवले.

'भव्य' हा शब्द आधी आकार बघतो. मंडप भव्य असतो, मोर्चा भव्य असतो, सवलतींची योजनासुद्धा भव्य असते. 'मॅजेस्टिक' या विशेषणाला मात्र नुसता आकार पुरत नाही. ज्याला आपले मोठेपण कुणाला दाखवून देण्याची गरजच उरलेली नाही, अशा संथ आणि भारदस्त मोठेपणासाठी तो शब्द आहे. बिथरून धावत सुटलेल्या हत्तीला तो लागू पडत नाही, पण कळपाच्या पुढे सावकाश पाणवठ्याकडे निघालेल्या हत्तीला अगदी चपखल बसतो. म्हणूनच इमारतींच्या जाहिरातींत दोन खोल्यांच्या घरापुढे हे विशेषण लावलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या 'माइएस्तास' या नामात आहे आणि ते नाम 'अधिक मोठा' अशा अर्थाच्या 'माइओर' या शब्दाशी जोडलेले आहे. प्रजासत्ताक रोममध्ये ही थोरवी रोमन जनतेची मानली जाई. पुढे ती सम्राटांकडे गेली आणि सम्राटाचा अवमान हा त्याच नावाचा गुन्हा ठरला. आपल्या संस्कृतातला 'महत्' याच कुळातला आहे. इंग्रजीतला 'मेयर'सुद्धा त्या 'माइओर'पासूनच आलेला असल्यामुळे, सावरकरांनी त्याला दिलेल्या 'महापौर' या प्रतिशब्दातला 'महा' त्याचा दूरचा भाऊबंद ठरतो, याचा मला फार आनंद वाटतो.

उच्चाराची एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजीत 'मॅजेस्टी' म्हणताना आघात पहिल्या अक्षरावर येतो, पण विशेषणात तो दुसऱ्यावर सरकतो आणि उच्चार 'मजेस्टिक'च्या जवळ जातो. आपण मात्र 'मॅ'च धरून ठेवला, कारण मुंबईकरांच्या तोंडी हा शब्द विशेषनाम म्हणूनच रुळला. 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहातच झळकला. मॅजेस्टिक बुक स्टॉल आणि मॅजेस्टिक आमदार निवास ही नावेही आपल्या ओळखीचीच आहेत.

मराठीत या विशेषणाला एकच प्रतिशब्द शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे नाम पाहून शब्द निवडावा. हत्तीची चाल डौलदार, हिमशिखर धीरगंभीर, दरबार राजेशाही. वेरूळचे कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले आहे. कड्यावरून ते खाली पाहताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, आणि तिथे मी 'भव्य' आणि 'गंभीर' हे दोन्ही शब्द वापरीन.

वाघिणीसाठी भाचीला मी शेवटी 'रुबाबदार' हा शब्द दिला. तिने तो दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला आणि मग वहीत लिहिला.