फ्रिजमध्ये कासव आहे

आमच्या घरात दोन फ्रिज आहेत. एकात दूध, कोथिंबीर आणि इडलीचं पीठ. दुसऱ्यात, हिवाळाभर, कासव. हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आई जरा वेळ गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "मेलं का गं?"

मेलं नाही, झोपलंय. शेजारच्या बाई वृद्धाश्रमात गेल्या तेव्हा त्यांचं कासव आमच्याकडे आलं. त्यांच्याकडे तो हॅरल्ड होता, आमच्याकडे आठवडाभरात हरी झाला. हर्मन जातीचं, जमिनीवरचं कासव. मूळ घर दक्षिण युरोपात, भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं. तिकडे थंडी पडली की ही मंडळी मातीत स्वतःला पुरून घेतात आणि वसंतात वर येतात. इंग्लंडच्या हिवाळ्याचा मात्र भरवसा नाही. जानेवारीत चार दिवस ऊन पडलं की बागेत पुरलेलं कासव फसतं, जागं होतं आणि पुढच्या कडाक्यात सापडतं. म्हणून इथले बरेच कासववाले सरळ फ्रिज वापरतात. पारा ५ अंशांच्या आसपास ठेवायचा. शून्याखाली गेला तर डोळ्यांना इजा होऊन कासव आंधळं होऊ शकतं. १० च्या वर गेला तर ते अर्धवट जागं होतं आणि अंगातला साठा उगाच जाळत बसतं.

झोपवण्याआधी काही आठवडे उपास, कारण थंडीत पचन थांबतं आणि पोटात राहिलेलं अन्न तिथेच सडतं. पाणी मात्र भरपूर. कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात त्याला वरचेवर बसवायचं. हे सगळं ऐकून आई म्हणाली, "कमाल आहे. विष्णू कार्तिकीला उठतो, आणि हा अवतार नेमका तेव्हा झोपायला निघतो."

मग हिवाळाभर काम काय, तर फ्रिजचं दार उघडायचं, आतली हवा बदलू द्यायची, हरीकडे बघायचं आणि दार लावायचं. मधूनमधून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. महिन्याला शंभरातला एखादा भाग घटला तर ठीक, त्याहून फार जास्त घटलं किंवा त्यानं झोपेत लघवी केली तर उठवायचं. बाकी काही नाही. कुत्र्याला फिरवावं लागतं, मांजराची मर्जी सांभाळावी लागते. इथे नुसतं बघायचं. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, जवळही घेत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, असं आपल्या संतांनी म्हटलंय. खरी कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते, वळूनसुद्धा बघत नाही. पण कासव सांभाळणाऱ्याला मात्र ते वर्णन तंतोतंत लागू पडतं. दूध नाही, कुरवाळणं नाही, फक्त नजर.

उन्हाळ्यातही तेच. डँडेलियन, प्लँटेन, असलं इथले लोक वैतागून उपटून टाकतात ते तण हरीचं जेवण, त्यामुळे आमची हिरवळ गल्लीत सगळ्यांत गबाळी आहे. फळं नकोत, पाव-दूध तर नकोच. जुन्या काळी इथे कासवांना पाव-दूध सर्रास घालत. कवचाला भोक पाडून दोरी बांधायचीही रीत होती. कवच म्हणजे वरून घातलेला डबा नव्हे, ती त्याची हाडं आहेत, तिथे स्पर्श कळतो आणि दुखतंही, हे कुणाच्या गावी नव्हतं. घरातल्या त्याच्या खोक्यावर अतिनील किरणांचा दिवा लागतो, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. हा दिवा मोठा लबाड. उजेड झकास देत राहतो, किरणं मात्र केव्हाच ओसरलेली असतात, म्हणून उजेड देत असला तरी वेळच्या वेळी बदलायचा.

आमच्यापासून फार दूर नाही ते सेलबोर्न गाव. तिथे गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री राहत. १७८० मध्ये त्यांची आत्या वारली आणि तिचं टिमथी नावाचं कासव वारशानं त्यांच्याकडे आलं. त्यांनीही तेच केलं, बघत बसले. कधी झोपतं, कधी उठतं, वजन किती, सगळं टिपून ठेवलं. ऐकू येतं का बघायला कर्णा लावून त्याच्यावर ओरडलेसुद्धा. टिमथीनं दखल घेतली नाही. व्हाइट १७९३ मध्ये गेले, टिमथी त्यांच्यामागून वर्षभरानं. पुढे कवच तपासल्यावर कळलं की टिमथी मादी होती. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बघितलं, आणि हे राहून गेलं!

मागच्या मे महिन्यात आई आली. जेजुरीच्या गडावरचं पितळी पत्र्यानं मढवलेलं भलंमोठं कासव बघितलेल्या बाईला हरी अगदीच वाटीएवढा वाटला. तिकडे आमच्या शेजाऱ्यांनाही हौस आहे, एखादं चांदण्यांचं कासव घ्यावं का, असं तिनं विचारलं. म्हटलं, त्यांना सांग, बेकायदा आहे. भारतातली रानटी कासवं घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. हौस असेल तर पाण्याच्या वाटीतलं धातूचं ठेवा, तसंही हल्ली घरोघर असतंच.

दुसऱ्या दिवशी तिनं गणपतीसाठी कुंडीतलं जास्वंदीचं एकुलतं एक फूल हेरून ठेवलं होतं. ती आंघोळ करून येईपर्यंत मी ते हरीला घातलं होतं. जास्वंद कासवाला मानवते, फूलही आणि पानंही. आई भडकली. "देवाचं फूल याला?" दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही, बागेत खुर्ची टाकून हरीकडेच बघत बसली. संध्याकाळी आत येऊन म्हणाली, "उद्यापासून कळी गणपतीला, पानं याला. आणि दोन कळ्या आल्या तर एक याला. अवतार आहे, चालतं."