यादीत एकीचंच नाव

नवोदय या निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेची यादी लागली आणि आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एकाच मुलीचं नाव आलं. तिची चुलत बहीण, त्याच बाकावर बसणारी, राहिली. मुख्याध्यापकांनी पेढे मागवले, गावात फ्लेक्स लागायची बोलणी सुरू झाली. आणि निवड झालेली पोरगी जेवायच्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाई, मी उत्तरपत्रिकेत दोन-चार गोळे चुकीचे रंगवले असते तर आम्ही दोघी इथंच राहिलो असतो ना?"

मी "हो" म्हणाले. खोटं कशाला सांगायचं?

मग दोघींना प्रश्नपत्रिका घेऊन बसवलं. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. त्यातले 40 प्रश्न, म्हणजे 50 गुण, एकट्या आकृत्यांचे: आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, घडी घालून भोक पाडलेला कागद. गणिताला फक्त 25. आकृत्यांसाठी मी परिपाठाच्या आधी मुलांना खरेच कागद दुमडायला लावते, कर्कटकानं भोक पाडून घडी उलगडायला लावते. क्लासवाल्यांच्या झेरॉक्स संचांतून ही नजर येत नाही. निवड झालेलीची ती नजर फार पटकन बसली. बहीण गणितात तिच्या कितीतरी पुढे. मी तसं दोघींच्या देखत सांगितलं. आपण मुलांना नुसतं "तू हुशार म्हणून निवडली" म्हणतो आणि शेजारी बसलेलं पोर त्याचा उरलेला अर्थ आपला आपण लावतं. गावातल्या मोठ्यांना एवढंही कळू नये याचा मला संताप येतो.

"मी परत बसू?" बहिणीनं विचारलं. सहावीच्या प्रवेशाला दुसरी संधी नसते. नववीला मात्र रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, ते सांगितलं. ते लगेच वहीत लिहून घेतलं तिनं.

निवड झालेलीची भीती वेगळीच होती. "तिथं सगळेच निवडलेले. मग माझा नंबर कितवा?" इथं तिचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता. मी म्हणाले, तिथं वर्गात कुणीतरी तुझ्या पुढं असणारच, आणि त्यासाठी तुला कुणी परत पाठवणार नाही. तिनं मान हलवली. पटलं की माझ्यासाठी हलवली, ते मला अजून ठरवता येत नाही.

जुलैत ती वसतिगृहात गेली. यंदा अर्ज भरायच्या आधीच मी पालक आणि मुलं एकत्र बोलावली आहेत. अख्ख्या जिल्ह्यातून 80 जागा, हे पहिल्यांदा सांगणार आहे, आकृत्या नंतर.