मुंबई–मॉरिशस : सहा तासांचं विमान, सोळा तासांचा प्रवास

मॉरिशसचं नक्की झालं तेव्हा आईने पहिलं विचारलं, "किती तास बसायचंय रे?" वय बहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे, सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची गोळी. मी तिकीट बघून "पावणेपाच तास" म्हणालो आणि ते चुकीचं होतं. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची छापतात आणि पोचण्याची मॉरिशसची. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. त्यामुळे जाताना प्रवास दीड तासाने आखूड दिसतो आणि येताना तेवढाच लांबलेला. खरा हिशोब दोन्ही बाजूंनी सहा तासांच्या आसपासचा आहे. सोबत वयस्कर माणूस असेल तर हा दीड तास आधीच कागदावर मांडा, कारण गोळ्या शरीराच्या घड्याळाने घ्यायच्या असतात. आईच्या हातातलं घड्याळ आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत मुंबईच्याच वेळेवर ठेवलं होतं.

आमचं थेट विमान सकाळी पावणेसातचं होतं. पुण्यातून रात्री साडेअकराला निघालो, सव्वातीनला टर्मिनल दोनवर. सामान देणं, इमिग्रेशन, तपासणी यांत पावणेदोन तास गेले. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागितली होती, आणि या सगळ्या प्रवासात आम्ही घेतलेला सर्वांत चांगला निर्णय तोच. आई आधी नको म्हणत होती. "मी चालते की घरात!" पण टर्मिनलमधलं अंतर घरातल्यासारखं नसतं. त्या रांगांमध्ये ती उभी राहिली असती तर पुढचे सहा तास तिला जड गेले असते.

दार वेळेवर बंद झालं, पण चाकं जमिनीवरून उचलली तेव्हा सव्वासात झाले होते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीवरूनच विमानं उडतात आणि उतरतात. सकाळी रांग लागते. वेळापत्रकात ही अर्धा तासाची मोकळीक धरलेली असते, त्यामुळे आम्हाला उशीर झाला नाही. हवेत पाच तास पन्नास मिनिटं होतो.

मुंबई ते मॉरिशस हवाई अंतर साधारण ४,७०० किलोमीटर. लंडनला जाताना समोरचा वारा वेळ वाढवतो आणि परतताना तोच मागून ढकलतो, म्हणून तिथे जाण्यायेण्यात ठळक फरक पडतो. हा मार्ग मात्र उत्तर-दक्षिण आहे. येताना आम्हाला फक्त दहा मिनिटं जास्त लागली.

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आणि मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर, म्हणजे विषुववृत्त जवळजवळ बरोबर अर्ध्या वाटेत येतं. पावणेतीन तास झाले तेव्हा समोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमान ती रेघ ओलांडताना दिसलं. मी आईला उठवून दाखवलं. त्याच सुमाराला सीटबेल्टचा दिवा लागला आणि वीसेक मिनिटं विमान हलत राहिलं. विषुववृत्ताजवळ दोन्हीकडचे वारे एकत्र येऊन उंच ढग उभे राहतात, त्यामुळे या पट्ट्यात असे धक्के बसू शकतात. शौचालयाला जायचं असेल तर दोन तास झाल्यावरच जाऊन या.

खिडकीतून काही दिसेल या आशेवर जागा निवडू नका. मुंबईचा किनारा सुटला की खाली फक्त पाणी. मालदीव डावीकडे लांब राहतं, सेशेल्स उजवीकडे त्याहून लांब. सकाळच्या विमानात ऊन डावीकडून येतं, म्हणून उजवी बाजू बरी. आईला आम्ही कडेची जागा घेतली होती. दर तासाला ती उठायची, मागच्या पडद्यापर्यंत जाऊन यायची, पायांत घट्ट मोजे होतेच. उतरताना पायांवर सूज नव्हती.

शाकाहारी जेवण दोन दिवस आधी नोंदवा. डब्यात थालीपीठ, दशम्या खुशाल न्या, पण उतरण्याआधी संपवा. ताजी फळं, बिया, रोपं परवान्याशिवाय मॉरिशसमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा नातेवाइकांसाठी हापूस नेण्याचा विचार सोडा. औषधांचं त्याहून महत्त्वाचं: झोपेच्या आणि ट्रामाडॉलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळ्यांना तिथे आधी परवानगी लागते. आईच्या गुडघ्यांसाठी अशीच एक गोळी लिहून दिलेली होती. डॉक्टरांना विचारून ती बदलून घेतली. बाकीची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. पर्यटकाला व्हिसा तिथेच, फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून ठेवा.

तिथल्या वेळेने ११:३५ ला उतरलो, १२:३५ ला बाहेर. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि आमचं हॉटेल उत्तरेला ग्राँ बे इथे, म्हणजे आणखी दीड तास गाडीत. मेट्रो दक्षिणेकडे क्युरपीप शहरापर्यंतच आहे, विमानतळाला येत नाही, तेव्हा टॅक्सी आधी ठरवा. भाडं मॉरिशियन रुपयांत सांगतात आणि त्यांचा एक रुपया आपल्या जवळपास दोन रुपयांचा. पुण्याच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत सोळा तास दहा मिनिटं झाली. त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

तिसऱ्या दिवशी पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर गेलो. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजाने गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर इथे आणले, आणि पुढे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख लोक आले. त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. आईचं माहेर राजापूर. घाटाच्या दगडी पायऱ्यांशी ती बराच वेळ उभी होती. "शिडाच्या जहाजातून किती दिवस लागले असतील?" तिने विचारलं. मी म्हणालो, कित्येक आठवडे. मग तिने खाली वाकून, गुडघ्याला हात लावत, सगळ्यांत खालच्या पायरीला हात टेकवला.

कुणाच्या घरात मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाची आठवण असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेला जरूर विचारा. आलेल्या मजुरांच्या नोंदी तिथे जपल्या आहेत. नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून न्या.

परतताना विमानतळाच्या वाटेवर उसाच्या शेतांत मधेमधे काळ्या दगडांचे ढीग दिसतात. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. गाडीत डाव्या खिडकीशी बसलेली आई ते मोजत होती. सव्वीसपर्यंत मोजले आणि विमानतळ आला.