24 घेतले, 96 सोडले

अण्णांनी पखवाजावर पहिला ‘धा’ टाकला आणि रेकॉर्डरवर आवाज फार चढल्याचा लाल दिवा लागला. त्यानंतर तो लागतच राहिला. घरी येऊन हेडफोन लावले तर दर मोठ्या थापेला ‘फट्ट’. कॉम्प्युटरवर बघितलं, लहरींचे माथे विळ्यानं कापल्यासारखे सपाट. आमच्या साखर पेठेतल्या भजनी मंडळाचं अडीच तासांचं भजन, आणि त्यातला निम्मा पखवाज वाया. त्याच रात्री ठरवलं, हा 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा जुना डबा बास झाला. आता 24/96, म्हणजे 24 बिट, 96 किलोहर्ट्झ.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राकडे तसला रेकॉर्डर होता. आठवडाभर मागून आणला. नवीन घ्यायचा तर 18 हजार, म्हणून आधी वापरून बघायचं ठरवलं.

सुरुवात 96 पासून केली. सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने. नमुने जितके, त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज पकडता येतो. म्हणजे 44.1 मध्ये 22 हजारांच्या जरा वर, 48 मध्ये 24 हजार, 96 मध्ये थेट 48 हजार. माणसाचा कान ऐन तारुण्यात फार तर 20 हजारांपर्यंत जातो. पण आमच्याकडे टाळ आहेत ना! स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी किती हर्ट्झचा आवाज होता याचं चित्र, काढला तर टाळाच्या प्रत्येक ठोक्याला 20 हजारांच्या वर पुसट रेघ खरंच दिसली. पैसे वसूल, असं वाटलं. मग गंमत म्हणून चढत्या पट्टीचे सूर वाजवले. 14 हजारांनंतर मला सगळं शांत. धाकटी लेक शेजारी बसून सांगतेय, “बाबा, अजून वाजतंय!” ती 17 हजारांपर्यंत गेली.

तरी मन मानेना. 24/96 मध्येच घेतलेला एक अभंग 16/44.1 मध्ये उतरवला, दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा केला (हे चुकलं की जो जरा मोठा तोच चांगला वाटतो), आणि मित्राला रुपया उडवून हवं ते लावायला सांगितलं. 16 वेळा ओळखायचं होतं, 9 बरोबर आले. एवढं तर न ऐकता, नुसता अंदाज मारूनही येतं. मग मित्र स्वतः ऐकायला बसला आणि दोन मिनिटांत हेडफोन काढून म्हणाला, “दोन्ही सेमच हाय बे. कशाला डोकं लावालाय?”

शिवाय जागा. स्टिरिओचा एक तास 16/44.1 मध्ये साधारण 635 एमबी, 24/48 मध्ये एक जीबी, 24/96 मध्ये दोन. 24/96 मध्ये आमचं भजन साध्या वेव्ह फाइलची 4 जीबीची मर्यादा ओलांडतं, मग रेकॉर्डर मधेच दुसरी फाइल सुरू करतो.

आता राहिले बिट. सगळ्यात मोठ्या आवाजापासून तळाच्या खरखरीपर्यंतचं अंतर एका बिटाला सुमारे 6 डेसिबल. 16 म्हणजे 96, 24 म्हणजे कागदावर 144. प्रत्यक्षात चांगल्यातलं चांगलं यंत्रही 120 च्या आसपास थांबतं. भजनाच्या खोलीत कुणी बोलत नसताना एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केली. शांतता कसली! डोक्यावर पंखा, भिंतीपलीकडे यंत्रमागांची खटक-खटक. मीटर उणे 52 वर (शून्य म्हणजे यंत्राला झेपणारा सगळ्यात मोठा आवाज). म्हणजे 16 बिटांचा तळ अजून 44 डेसिबल खाली पडलेला. 24 बिटांनी मला माग तेवढे जास्त अचूक ऐकू आले असते.

तेवढ्यात लाइट गेली. माग थांबले, पंखा थांबला. दोन्ही रेकॉर्डर बॅटरीवर चालू. नवीन उणे 68 पर्यंत उतरला, जुना उणे 60 वरच अडून बसला. खोली गप्प होती, पण जुना डबा स्वतःच ‘सूंऽऽ’ करत होता. चूक 16 या आकड्याची नव्हतीच. हिशोबानं 16 बिट पुरले असते, पण माझ्या यंत्राच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागात, तेवढा दम नव्हता.

लाल दिवा मात्र माझाच गुन्हा. कॅसेटच्या काळात टेपची खरखर झाकायला आवाज लालच्या काठापर्यंत चढवायचो. तीच सवय हाताला. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतंच, थाप तिथं गेली की कापली जाते. नव्या यंत्रावर 24 बिट ठेवून पातळी इतकी उतरवली की अण्णांची सगळ्यात मोठी थाप उणे 12 वर. नंतर आवाज वाढवला तरी सूंऽऽ नाही. अण्णांना ऐकवलं. मान डोलवून म्हणाले, “ह्यात शाई ऐकू यालीय.” शाई म्हणजे पखवाजाच्या पुडीवरचा काळा लेप.

शेवटी तोच रेकॉर्डर मित्राकडून जुन्याच्या भावात घेतला आणि 24/48 वर लावून ठेवला. वडिलांच्या भजनाच्या कॅसेट तेवढ्या 96 वर उतरवणार आहे. जगभरच्या ध्वनिसंग्रहांची संघटनाही जुन्या टेपसाठी किमान 24/48 सांगते, आणि बरेच संग्रह 96 वर जातात. कॅसेट दर वेळी झिजते, पुन्हा लावायची पाळी येऊ नये.

उरलेल्या पैशांत सहा सोलापुरी चादरी आणल्या आणि खोलीत भिंतीपासून चार बोटं सोडून दोरीवर टांगल्या. टाळांचा घुमारा बराच बसला. पखवाजाच्या धुमीला चादर जुमानत नाही, ती तशीच आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, थंडीत त्यातल्या दोन आत्यानं काढून नेल्या, “भिंतीला कशाला पांघरूण रे?” म्हणत. त्या अजून परत आलेल्या नाहीत.