तुम्ही विचारलंत म्हणून: लिथियम डोक्यात नेमकं करतं काय

"गोळ्या डोक्यात करतात तरी काय? सुन्न करून ठेवतात ना?" मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी मॅनियाच्या बेफाम टोकाला तर कधी डिप्रेशनच्या तळाला नेणारा आजार, आणि त्यासाठी मी लिथियमच्या गोळ्या घेते, हे कळलं की लगेच हाच प्रश्न येतो, घरच्यांकडून, ऑफिसातून, आणि उत्तर पूर्ण ऐकायला कोणी थांबत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

सुन्न करत नाहीत. पेशीला बाहेरून आलेला निरोप आतपर्यंत पोचवायला इनोसिटॉल नावाचं एक रसायन लागतं, आणि वापरलेलं इनोसिटॉल पुन्हा तयार करणारं एक एन्झाइम लिथियम अडवतं. जिथे निरोपांचा मारा जास्त तिथे ही अडवणूकही जास्त, म्हणून मॅनियात सुसाट सुटलेलं डोकं आवरतं आणि एरवीचं हसणं-रडणं शाबूत राहतं, असा एक तर्क आहे. जीएसके-३ नावाचं दुसरं एक एन्झाइमही ते दाबतं. यातल्या नेमक्या कशाने मूड सावरतो यावर अजून एकमत नाही, आणि १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केडने मॅनियाच्या पेशंटना लिथियम दिलं तेव्हा तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

आधी मी सगळ्यांना सांगायचे, डायबेटिसला इन्सुलिन तसं मला लिथियम. आता नाही सांगत. माझ्या शरीरात लिथियम कमी पडलंय असं काही नाहीये.

आता अकोल्याचं. मे महिना, चुलत बहिणीचं लग्न, मला आदल्या दिवसापासून जुलाब, पाणीही पोटात ठरेना, त्यात अंग दुखतंय म्हणून आत्याने पर्समधली पेनकिलर दिली, प्रेमानेच दिली. संध्याकाळपर्यंत हात असा थरथरायला लागला की चहा बशीत, बशीतून साडीवर, जीभ जड, चालताना तोल जातोय. मांडवात कुजबुज सुरू, "हिला परत अटॅक आला." कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने माझ्यादेखत नवऱ्याला विचारलं, "दारू घेतलीय का?" मला सगळं कळत होतं पण शब्द फुटत नव्हता. नवरा अडून बसला की रक्तातल्या लिथियमची लेव्हल तपासा. २.१ आली. एरवी ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात.

झालं काय, तर अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि सोडियमसोबत लिथियमही परत रक्तात घेते. वर ती पेनकिलर, आयबुप्रोफेन, तिने लिथियम बाहेर पडणं आणखी कमी केलं. हे बायपोलर नव्हतं हो! पण नातेवाईकांच्या तोंडी तेव्हापासून एकच, "बघ, त्या गोळ्यांनीच केलं." गोळ्यांनीच केलं हे खरंय, ते मी नाकारत नाही. पण लिथियमच्या आधीची मी तुम्ही पाहिलीय, बाबांची एफडी मोडून रात्रीत दुकान घ्यायला निघालेली, आणि मग महिनोन्‌महिने अंथरुणातून न उठलेली. ती मी तुम्हाला चालली असती का?

मलाही प्रश्न पडतोच. हाताची बारीक थरथर गेलेली नाही, टीएसएच वर चाललंय, म्हणजे थायरॉइड मंदावतंय. लिथियमऐवजी लॅमोट्रिजीन या दुसऱ्या औषधाचा विषय निघालाय, ते मेंदूच्या पेशींत सोडियम शिरायच्या वाटांवर, सोडियम चॅनेल्सवर, काम करतं, डिप्रेशन अडवायला चांगलं, मॅनिया रोखायला मात्र तेवढं भरवशाचं नाही. डॉक्टर म्हणतायत लिथियम चालू ठेवून थायरॉइडची गोळी जोडू. मी अजून हो म्हटलेलं नाही.