एका चेनीसाठी पाच फेऱ्या

दप्तराचा रंग लेकराला निवडू द्या, पण चेन स्वतः ओढून पाहा. ७५० रुपये आणि वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या पाच फेऱ्या घातल्यावर मला हे कळलं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये बाकी महाराष्ट्रात १६ जूनला घंटा वाजली, विदर्भात २३ ला. तेवढा आठवडा हाताशी असूनही पेरणीच्या गडबडीत बॅगेसाठी मी २० तारखेलाच निघालो. लेक त्या वर्षी सहावीत, म्हणजे गावची शाळा सुटली आणि एसटीचा प्रवास सुरू झाला. दुकानात तिला जांभळी बॅग आवडली. दुकानदारानं आतलं कार्ड काढून "एक वर्ष वारंटी जी" म्हटलं, मी फोनवरून पैसे टाकले. वीस मिनिटांत मोकळे.

१४ जुलैला मोठ्या कप्प्याची चेन फाकली. रनर पुढं जातो आणि मागं दात उघडेच राहतात, तसं. पोरगी एसटीतून उतरली आणि डबा, कंपास, गणिताची वही सगळं खाली. पावसाळ्यात आमच्या फाट्यावरचा चिखल चपलेला धरला की सोडत नाही, तो वहीला कसा सोडेल? तिनं ती वही चुलीजवळ वाळवली. पानं अजून कडक आहेत.

दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन गेलो. दुकानात फक्त नोकर पोरगा. "शेठ नाही जी. तेच पाह्यतीन. गुरुवारी या."

गुरुवारी शेठ होते. "बिल कुठं आहे भाऊ?"

"तुम्ही दिलंच नाही."

"मांगतलं असतं त देलं असतं ना."

मी फोनमधला पैसे गेल्याचा मेसेज दाखवला. तो त्यांनी मान्य केला. मग कार्ड उलटंपालटं करून म्हणाले, "याच्यावर शिक्का नाही. बिनशिक्क्याचं कार्ड कंपनी घेत नाही."

"शिक्का तुमचा, दुकान तुमचं. मारा आता."

"मागची तारीख टाकून कसा मारू?"

मी गप्प. त्या वेळी काय बोलायला हवं होतं, ते मला घरी आल्यावर रात्री सुचलं.

तिसऱ्या फेरीत त्यांनी बॅग ठेवून घेतली. नागपूरहून कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो, त्याच्याकडे देऊ म्हणाले. तोवर पोरीनं पुस्तकं बियाण्याच्या कंपनीनं दिलेल्या थैलीत नेली. थैलीवर कापसाचं बोंड आणि वाणाचं नाव छापलेलं, म्हणून ती उलटी करून वापरायची. मला ते उशिरा लक्षात आलं. खरं सांगतो, चेन तुटल्याचा नाही, या उलट्या थैलीचा राग माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

चौथ्या फेरीत कळलं की माणूस येऊन गेला आणि बॅग काउंटरखालीच राहिली. पाचव्या फेरीला, पोळ्याच्या तोंडावर, निकाल लागला: चेन वारंटीत बसत नाही, ती "वापरून झिजते". कार्डावर बारीक इंग्रजीत तसं लिहिलेलं होतंच. मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? त्यावर शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पोळ्यानंतर वकिली शिकणारा पुतण्या आला, तेव्हा त्यानं माझ्या जखमेवर मीठच चोळलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नाही म्हणणं हीसुद्धा. मी पहिल्यांदा गेलो तो २५ वा दिवस होता! तेव्हाच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायला हवा होता. तुमच्यावर वेळ आली तर फेऱ्या मोजू नका, दिवस मोजा. आणि पैसे देण्याआधी पक्कं बिल घ्या, कार्डावर शिक्का आणि तारीख समोर मारून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

काम शेवटी केलं ते बसस्टँडजवळच्या मोचीकाकांनी. बॅग हातात घेतल्याबरोबर उलटी केली आणि आतली शिवण दाखवली. "इतकुशी चेन अन् एवढं मोठं पोट. फाटन नाही त काय करन?" जुनी चेन ५ नंबरची होती, त्यांनी १० ची लावली. हा नंबर म्हणजे बंद चेनीच्या दातांची रुंदी, साधारण मिलिमीटरमध्ये. खांद्याचे पट्टे जिथं पाठीला जोडतात तिथं कंपनीनं एकेरी शिवण मारली होती. काकांनी आडव्या-तिडव्या फुलीची टीप दुहेरी दोऱ्यानं घातली. १२० रुपये, अर्धा तास.

तेव्हा दुकानात बॅग उलटी करून पाहायला लाजू नका. आत कापडाच्या कडा सुटलेल्या दिसल्या, पट्टी लावून शिवलेल्या नसल्या, तर ठेवून द्या. कापडाच्या "६०० डी"च्या मागं मात्र फार लागू नका. डी म्हणजे डेनिअर, तो धाग्याच्या जाडीचा आकडा, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. माझ्या बॅगेचं कापड आजही धड आहे, दगा दिला तो चेनीनं.

थोडा दोष आमचाही. कापूस मोजायच्या लटकत्या काट्याला एकदा भरलेलं दप्तर अडकवलं, तर ४ किलो ६०० ग्रॅम. पोरगी ३१ किलोची. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात वजनाच्या दहा टक्के आणि सहावी-सातवीला २ ते ३ किलो एवढंच सांगितलं आहे. मधली दोन वर्षं पुस्तकातच लिहायची कोरी पानं होती, ती २०२५ मध्ये बंद झाली आणि वेगळ्या वह्या वाढल्या. आता वेळापत्रक पाहून रात्री भरतो आणि पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत. रिकामी बॅगच किलोभर असेल तर तीही घेऊ नका.

काकांकडे जांभळी चेन नव्हती, खाकी लावली. पोरगी दोन दिवस फुगून होती. आता वर्गातल्या तीन जांभळ्या बॅगांमध्ये तिची लगेच ओळखू येते, म्हणून खूश आहे.

ते वारंटी कार्ड मी फेकलेलं नाही. त्यावर तारीखच टाकलेली नाही, त्यामुळे त्याचं वर्ष अजून सुरूच झालेलं नाही.